बूट मुंबईत, मुलं शुक्रवार पेठेत

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आम्ही शुक्रवार पेठेतली चार घरं दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन मलबार हिलच्या कमला नेहरू उद्यानात गेलो. म्हातारीचा बूट मुलांनी नुसता ऐकला होता. आतल्या जिन्यानं मुलं वर गेली आणि तिथून आम्हाला हाका मारू लागली. कुणाला तो बूट किल्ला वाटला, कुणाला जहाज. एरवी मोबाईल न सोडणारा पोरगा तासभर घामाघूम होऊन पळत होता. त्याला ‘व्यायाम कर’ असं कुणीही सांगितलं नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटं चांगली दमवणारी हालचाल हवी. ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं. चढण्या-उड्या मारण्यानं हाडं, स्नायू बळकट होतात, तोल सावरतो, झोप नीट लागते. पण एका खोलीच्या घरात आणि गाड्यांनी भरलेल्या बोळात मुलांनी धावायचं कुठं?

संविधानाच्या कलम १५(२) मुळे सरकारी खर्चानं चालणाऱ्या सार्वजनिक जागेवर जातीवरून कुणाला अडवता येत नाही. हा हक्क मोठा आहे. पण जागाच जवळ नसेल तर मुलाच्या वाट्याला काय आलं? सुट्टीत किल्ल्याजवळच्या हुतात्मा बागेत मुलांना जरूर न्यावं. रोजचा खेळ मात्र पायी जाता येईल अशा ठिकाणीच होतो.

म्हणून आमचं म्हणणं असं : शहराच्या विकास आराखड्यात आपल्या भागात खेळासाठी राखीव जागा कुठं आहे, ते वस्तीनं मिळून पाहावं आणि महापालिकेकडे लेखी मागणी करावी. नुसते दोन झोपाळे मागू नयेत. सोलापूरच्या मुलांना गिरणीच्या धुराड्याची घसरगुंडी, चढायला मोठा हातमाग का मिळू नये?

तोवर विहाराच्या अंगणात संध्याकाळचा एक तास मुलांना द्यावा. उन्हाळ्यात दुपारी खेळ नको. लोखंडी घसरगुंडी आधी हातानं तपासावी, पाण्याची बाटली सोबत असावी. गंजलेलं लोखंड लागलं तर जखम साबण-पाण्यानं धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठावा.

मुलाच्या शाळेची काळजी आपण घेतोच. त्याच्या खेळाचीही तितकीच घेऊ या.