उद्योजकता ‘मायनर’ म्हणून घ्यावी का? आधी २० क्रेडिटचा हिशोब बघा

बी.एस्सी. बॉटनीचा विद्यार्थी. मायनर विषयांच्या यादीत ‘उद्योजकता’ दिसते आणि पटकन निवडलीही जाते. स्टार्टअपचं वारं आहेच, वर विषय सोपा असणार असाही एक समज. पण ही निवड पुढचे काही सेमिस्टर सोबत राहते.

मुळात मायनर म्हणजे काय? नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. महाराष्ट्रातल्या स्वायत्त कॉलेजांत पदवीला ते २०२३-२४ पासून लागू झालं आणि इतर संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. मुख्य विषय तो मेजर, जोडीचा तो मायनर. राज्याच्या एप्रिल २०२३ च्या जीआरनुसार तीन वर्षांच्या पदवीत मायनरला १८ ते २० क्रेडिट आहेत आणि तो वेगळ्या शाखेतलाही चालतो. इंजिनिअरिंगचं गणित निराळं आहे. तिथे मायनर डिग्रीसाठी नेहमीच्या क्रेडिटवर १८ ते २० क्रेडिट जादा घ्यावे लागतात.

आता खरा मुद्दा. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३०. म्हणजे २० क्रेडिट नुसत्या लेक्चरमध्ये गेले तर ३०० तास ‘उद्योजकाचे गुण’ लिहून घ्यायचे आणि परीक्षेत उतरवायचे. त्यातले निम्मे क्रेडिट जरी प्रात्यक्षिकाला दिले, तर तेवढेच ३०० तास बाजारात घालवता येतात. विषयाचं नाव तेच, मार्कशीटवरही तेच दिसणार. शिक्षणात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

समजा, या बॉटनीवाल्याने रोपं विकायला घेतली. रोप ६० रुपयांना. कुंडी, माती, खत मिळून खर्च ३५. नफा २५? दहातली दोन रोपं मेली तर त्यांचे ७० रुपये उरलेल्या आठांवर चढतात आणि नफा सोळा-सतरावर येतो. टेम्पोचं भाडं आणि स्वतःच्या श्रमाची मजुरी अजून धरलेलीच नाही. हा हिशोब पुस्तकात वाचून कळतो, पण अंगवळणी पडतो तो दोन रोपं मेल्यावरच. उद्यम नोंदणी मोफत असते, घरून खाद्यपदार्थ विकायलाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, या गोष्टीही अशाच कामातून समजतात.

आयआयटी मुंबईत देसाई सेठी स्कूल हा मायनर शिकवतं आणि त्याच कॅम्पसवर ‘साइन’ हे इन्क्युबेटर आहे. कल्पना सुचली की दाखवायला माणूस जवळच. तालुक्याच्या कॉलेजात हे कुठून येणार? पण तिथे मार्केट यार्ड असतं, बचत गट असतात, चार पिढ्या दुकान चालवलेले व्यापारी असतात. अभ्यासक्रमात त्यांना जागा देणारी कॉलेजं या बाबतीत मागे पडायचं कारण नाही.

मग असा कोर्स केला की मुलं उद्योजक होतात का? नेदरलँड्समधला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे बघण्यासारखा आहे. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी गटाने वर्षभर छोटी कंपनी चालवली. त्यांच्या कौशल्यांत ठळक फरक दिसला नाही आणि उद्योजक व्हायची इच्छा उलट कमी झाली! अनेकांना हे अपयश वाटेल. पण धंदा आपल्याला झेपणारा नाही, हे विसाव्या वर्षी थोडक्यात कळणं आणि तिशीत घर गहाण टाकून कळणं, यातला स्वस्त सौदा कोणता ते उघड आहे.

किंमत दुसरीकडेही मोजावी लागते. उद्योजकता घेतली की केमिस्ट्री किंवा कॉम्प्युटर सायन्सची मायनरची जागा गेली. पुढे एम.एस्सी. किंवा बी.एड. करायचं असेल, तर तिथली पात्रता आधी तपासलेली बरी.

आणि कॉलेजला तीन प्रश्न विचारायलाच हवेत: प्रात्यक्षिकाला क्रेडिट किती, शिकवणाऱ्यांपैकी कुणी कधी धंदा केलाय का, आणि विद्यार्थ्यांचा माल पडून राहिला तर ते पैसे कुणाच्या खिशातून जाणार?