आधी ‘मंगोलियन’, मग ‘बोहेमियन’

क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा अर्थ काय, हा वाद १९७५ पासून मिटलेला नाही. बोहेमियन म्हणजे चाकोरी झुगारणारा कलावंत. म्हणून गीतातील खुनाची कबुली ही वस्तुतः फ्रेडी मर्क्युरीच्या समलैंगिकतेची कबुली होय, असे अनेक चाहते ठामपणे सांगतात. (हा पारशी मुलगा पाचगणीच्या शाळेत शिकला, त्यामुळे गीतातील ‘बिस्मिल्ला’वरून आपल्याकडेही तर्कांचे इमले उभे राहतात.)

मित्रहो, २०२३ साली लंडनमध्ये या गीताचे हस्तलिखित मसुदे लिलावात निघाले. एका विमान कंपनीच्या छापील कागदावर शीर्षक आहे ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’. त्यातील पहिला शब्द खोडून वर ‘बोहेमियन’ लिहिले आहे. दोन्ही शब्दांची लय तीच. माझ्या मते येथे अर्थाआधी नाद आला असावा. बदल अर्थासाठीही झाला असेल, हे मी नाकारत नाही. मात्र तेवढ्यावरून कबुलीजबाब सिद्ध होत नाही. फ्रेडीने नेमका अर्थ सांगणे अखेरपर्यंत टाळले. १९९१ साली निवर्तलेल्या माणसाच्या तोंडी आपण तो घालावा, हे मला पटत नाही.

गीतातील स्कारामूश मात्र इटालियन लोकनाट्यातील खरेखुरे पात्र आहे. पुढील पोस्ट त्याच्यावर.