थापी कुणाच्या हाती?

शिबिरात ओळख करून घेताना मी एक प्रश्न नेहमी विचारते : लहानपणी तुमचं आवडतं खेळणं कोणतं होतं? भातुकली, ठकी, सागरगोटे अशी उत्तरं येतात. माझं उत्तर असतं, मेकॅनो. आणि लगेच पुस्ती जोडावी लागते, की तो माझा नव्हता, भावाचा होता.

त्याच्या मुंजीत तो भेट आला. भोकं पाडलेल्या लाल-हिरव्या पट्ट्या, नट-बोल्ट, दांडे, चाकं, एक छोटा पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर. भाऊ क्रिकेटला गेला की पेटी माझ्या ताब्यात. मला क्रेन करायला फार आवडे. चार पट्ट्यांची चौकट कलते. तिला एक तिरपी पट्टी मारली की ती घट्ट उभी राहते, हे मला कुणी शिकवलं नाही, हातांना कळलं. मला कुणी मनाई केली नाही. पण आपण हिलाही एक सेट द्यावा, असंही कुणाला वाटलं नाही. मुंज मुलाची, म्हणून भेटीही मुलाच्या. माझ्या वाट्याला परकराचं कापड आणि बांगड्या.

घरच्यांना दोष देऊन भागणार नाही. खेळणं विकलंच गेलं तसं. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली त्याचं पेटंट घेतलं, १९०७ मध्ये त्याला मेकॅनो हे नाव मिळालं, आणि पुढे कित्येक वर्षं पेट्यांच्या झाकणांवर मुलगेच पूल नि क्रेन उभारत राहिले. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९८१ मध्ये एका जाहिरातीत स्वतः बांधलेली वस्तू हातात धरलेली मुलगी दाखवली होती. त्याच कंपनीने २०१२ मध्ये मुलींसाठी वेगळी मालिका काढली, तीत ब्यूटी पार्लर आणि कॅफे आले. अनेक देशांतल्या बायकांनी त्यावर टीका केली ती योग्यच होती. मुलींना गुलाबी विटा नको होत्या. त्याच विटा हव्या होत्या.

पण मेकॅनो, लेगो हे ऐपत असलेल्या घरांचे खेळ. आपल्याकडे बिनपैशाचा बांधण्याचा खेळ अंगणातच आहे : दिवाळीतला किल्ला. आमच्या वाड्यात माती चाळायची, पाणी आणायचं, चिखल मळायचा आणि अळीव पेरून त्यावर रोज पाणी शिंपडायचं, हे मुलींचं काम. बुरूज कुठे, दरवाजा कोणत्या दिशेला, भुयार कसं काढायचं, हे मुलगे ठरवत.

आता कुठल्याही बांधकामावर जाऊन पाहा. वाळू चाळणारी बाई, घमेलं वाहणारी बाई, भिंतीवर पाणी मारणारी बाई. थापी आणि ओळंबा पुरुषाच्या हातात. बिगारी म्हणून आलेला मुलगा काही वर्षांत गवंडी होतो. त्याच्याबरोबर आलेली बाई वीस वर्षांनीही बहुधा बिगारीच असते. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. तो सांगत होता, सारख्या कामाला सारखी मजुरी. पण काम सारखं मिळूच दिलं नाही, तर कायदा काय करणार? ही वाटणी कामावर आल्यावर सुरू होत नाही. ती अंगणात शिकवली जाते, तीही खेळता खेळता, म्हणून कुणाला खुपत नाही.

हे बदलता येतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने लातूर-उस्मानाबादच्या गावांतल्या बायका संवाद सहायक झाल्या. घराला भूकंपाचा धक्का सोसेल अशी मजबुती कशी द्यायची ते त्या शिकल्या आणि इतरांना समजावू लागल्या. ज्यांच्या हातात कुणी कधी पाना दिला नव्हता, अशाच या बायका होत्या.

म्हणून मैत्रिणींनो, दोन मागण्या एकत्र करू या. बांधकाम कामगारांसाठी जमा होणाऱ्या उपकरातून बायकांना गवंडीकामाचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे, आणि शिकल्यावर गवंड्याची मजुरीही. दुसरी मागणी आपल्याच घराकडे आणि बालवाडीकडे : ठोकळे, पाना, थापी मुलीच्या हातात द्या, भातुकली मुलाच्याही हातात द्या. स्वयंपाक हेही रचण्याचंच काम आहे, ते त्यालाही कळू दे. येत्या दिवाळीत किल्ला करताना मुलीला माती आणायला पाठवण्याआधी तिला एवढंच विचारा : दरवाजा कुठे करायचा?