बँकेचा मेल आला? आधी पत्त्याचा शेवट बघा

'केवायसी अपुरी आहे, आज खाते बंद होईल' असा मेल आला की माणूस घाबरतो अन् लिंक दाबतो. भामट्यांना हीच घाई हवी असते. मेलवर बँकेचे नाव अन् लोगो कुणीही टाकू शकतो.

यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर नेण्यास सांगितले. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. मात्र ही अक्षरे नावाच्या शेवटी हवीत. त्यांच्यानंतर पुन्हा डॉट अन् दुसरे नाव असेल, तर साइट बनावट समजा.

अडचण अशी, की मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर पूर्ण पत्ता दिसतच नाही. म्हणून लिंक दाबूच नये. शंका आली तर सरळ शाखेत जावे किंवा पासबुकावरच्या नंबरावर विचारावे. 'पीएम किसान'च्या नावाने आलेली एपीके फाइलही उघडू नये.

पैसे गेलेच, तर लाजेपायी गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. चोरटे रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवतात. तक्रार लवकर झाली, तरच ती मध्येच गोठवता येते.