‘कोटणीसांची बायको’ हे अर्धं उत्तर आहे

मागच्या डिसेंबरात पेणमध्ये शाळकरी मुलांसाठी एक प्रश्नमंजुषा होती. मी गुण लिहायला बसले होते. जुन्या सिनेमांच्या फेरीत प्रश्न आला: व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’मध्ये जयश्रीबाईंनी कोणाची भूमिका केली? रोह्याहून आलेल्या नववीतल्या एका मुलीने सगळ्यात आधी हात वर केला. म्हणाली, “छिंगलानची. ती चिनी सैन्यातली नर्स होती.” कागदावर छापलेलं उत्तर होतं, ‘डॉ. कोटणीस यांच्या पत्नीची’. पंचांनी कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं. “नर्स बरोबर आहे बाळा, पण मुख्य मुद्दा राहिला. अर्धा मार्क.”

मी अर्धा मार्क लिहिला. तिथंच तोंड उघडायला हवं होतं, उघडलं नाही. तिची टीम त्या अर्ध्या मार्काने दुसरी आली. संध्याकाळच्या रोहा मेमूत ती आणि तिचे वडील नेमके माझ्यासमोर. कासू गेलं, नागोठणं जवळ आलं, तेव्हा तिने विचारलं, “मॅडम, नर्स हे चूक आहे का?”

नाही. चूक आमचा कागद होता. आणि हे मी आता जरा मोठ्या आवाजात सांगणार आहे.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला माहीत असतात. सोलापूरचे, जन्म १९१०. जपानने चीनवर चढाई केली तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सप्टेंबर १९३८ मध्ये ते मुंबईहून बोटीने निघाले. बाकीचे चौघे परतले, कोटणीस तिथेच राहिले. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे ते प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी गेले. मोठं आयुष्य, यात वाद नाही. माझं भांडण कोटणीसांशी नाहीच.

आता दुसरं आयुष्य. गुओ छिंगलान, जन्म १९१६, शांक्सी प्रांत. शिक्षण नर्सिंगचं. १९३७ नंतर उत्तर चीनची मोठी शहरं आणि रेल्वेमार्ग जपान्यांच्या ताब्यात गेले होते. कम्युनिस्टांची एट्थ रूट आर्मी डोंगरातल्या खेड्यांतून लढत होती. हॉस्पिटल म्हणजे कोणाचं तरी घर, नाहीतर देऊळ. शत्रू जवळ आला की जखमींना उचलून पुढच्या गावात जायचं. शिकलेली नर्स तिथे सोन्याच्या मोलाची, कारण मदतीला असायची ती बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. त्यांना जखम धुण्यापासून सगळं शिकवावं लागे. छिंगलान अशा ठिकाणी गेली. बेथून यांच्या नावाच्या आरोग्य शाळेत ती नर्सिंग शिकवू लागली. कोटणीसांची आणि तिची भेट त्यानंतरची. म्हणजे नवऱ्याच्या मागून युद्धात आलेली ही बाई नव्हे. ती आधीच तिथे होती. त्या डोंगरात नवखे होते ते कोटणीस.

लग्न १९४१ च्या अखेरीस. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. डिसेंबरात कोटणीस गेले तेव्हा पोर चार महिन्यांचंही नव्हतं. युद्ध संपायला अजून पावणेतीन वर्षं होती. आपल्या आठवणीत तिची गोष्ट इथे संपते. ती स्वतः मात्र गेली २०१२ मध्ये, दालियान शहरात, वयाच्या ९६व्या वर्षी. मधल्या काळात तिने पुन्हा लग्न केलं. तो यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये वारला. ती भारतात अनेकदा येऊन गेली, कोटणीसांच्या घरच्यांना भेटली.

साधा हिशेब करा. आयुष्य ९६ वर्षांचं, कोटणीसांशी संसार जेमतेम एक वर्षाचा. त्या एका वर्षाला आपण ‘मुख्य मुद्दा’ म्हणतो आणि उरलेल्या ९५ ला अर्धा मार्क देतो.

सिनेमानेही हातभार लावलाय. शांतारामबापू स्वतः कोटणीस झाले, जयश्रीबाई छिंगलान. शेवटी ती मुलाला घेऊन नवऱ्याच्या गावी, सासरी येते. थिएटरात लोक रडले असतील, आजही मोबाइलवर बघताना घशात आवंढा येतो, माझ्याही. पण विधवेने सासरच्या उंबऱ्यावर यावं हा शेवट आपल्याला हवा होता. खरी छिंगलान आपल्या देशात राहिली. तिथे तिचं काम होतं.

यावर लोक दोन गोष्टी म्हणतात. पहिली: अहो, कोटणीस नसते तर तुम्हाला ती माहीत तरी झाली असती का? नसती. मान्य. पण दारातून आत आल्यावर माणूस दारालाच चिकटून बसत नाही. कोटणीसांमुळे ओळख झाली, ठीक. पुढे तिच्याबद्दल एक वाक्य जास्त वाचायला कोणी अडवलं होतं?

दुसरी हरकत जड आहे. तिने स्वतःच तर कोटणीसांची आठवण जन्मभर जपली. तिच्या आत्मकथनाचं इंग्रजी नावच ‘माय लाइफ विथ कोटणीस’. मग तुम्हाला कशाचा त्रास? मी यावर बरेच दिवस अडले होते. उत्तर सापडलं ते चीनमध्ये नाही, रोह्यातच.

रोह्यात सी. डी. देशमुखांचं नाव कानावर पडल्याशिवाय कोणी मोठं होत नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर मंत्रिपदावर पाणी सोडणारे चिंतामणराव. शाळा त्यांची रोह्यातली. आमच्याकडे त्यांच्यावर भाषणं होतात आणि भाषणाच्या शेवटून दुसऱ्या ओळीत येतं: ‘त्यांच्या पत्नी दुर्गाबाई याही समाजसेविका होत्या.’ त्या ‘याही’वर मला फार राग आहे.

दुर्गाबाई राजमहेंद्रीच्या. आठव्या वर्षी लग्न लावून दिलेलं, ते त्यांनी मोठेपणी नाकारलं. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये चौदा वर्षांची ही स्वयंसेविका प्रदर्शनाच्या दारावर उभी होती. तिकीट नाही म्हणून तिने जवाहरलाल नेहरूंना अडवलं. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग, पुढे पुन्हा तुरुंग. सुटल्यावर शिक्षण, मद्रासला वकिली. १९३७ मध्ये आंध्र महिला सभा काढली, नंतर संविधान सभेत निवडून गेल्या. चिंतामणरावांशी लग्न झालं १९५३ मध्ये, तेव्हा त्या ४३ वर्षांच्या होत्या. वरचं सगळं त्याआधीचं. देशमुख हे आडनाव तर त्यात कुठेच नाही!

या दुर्गाबाईंनीही शेवटी पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘चिंतामण अँड आय’. नवरा आधी, स्वतः नंतर. पण ते ‘आय’ तिथे आहे, आणि लिहिणाराही तोच ‘आय’ आहे. छिंगलानच्या पुस्तकातही ‘माय लाइफ’ आधी येतं. दोघींनी नवऱ्यावर प्रेम केलं, ते मोकळेपणाने सांगितलं, आणि ते सांगताना स्वतःला गाळलं नाही. गाळलं आपण. एखादीने आपल्या माणसाची आठवण जपली म्हणून तिचं काम त्याच्या खात्यावर जमा करायचा परवाना मिळत नाही.

पेणकरांनी तरी हे लगेच ओळखावं. गणपतीच्या कारखान्यांत जाऊन बघा. साच्यातून निघालेल्या मूर्ती घासायला, रंगवायला, दागिन्यांचे खडे लावायला किती बायका बसलेल्या असतात. बाहेरच्या बोर्डावर नाव मालकाचं, फार तर ‘अँड सन्स’. माझ्या मावशीने अशा कारखान्यात बावीस वर्षं काढली. तिला विचारलं तर म्हणते, “आमच्या यांचा कारखाना.” ती प्रेमानेच म्हणते. पण गणपतीच्या पाठीवर हात फिरवून कुठला तिने घासलाय ते ती डोळे मिटून सांगते, आणि हे तिच्याबद्दल कोणी कुठे लिहिलेलं नाही.

प्रश्नमंजुषेनंतर चार दिवसांनी मी आयोजकांना मेसेज केला: त्या उत्तराला पूर्ण मार्क द्यायला हवा होता, चूक माझीही आहे, मुलीच्या शाळेला तसं पत्र पाठवू या. उत्तर आलं, “ट्रॉफी देऊन झाली ताई, आता कशाला? पुढच्या वर्षीचे प्रश्न तुम्हीच काढा.” पत्र मी माझ्या नावाने पाठवलं. पुढच्या वर्षीचा पहिला प्रश्नही लिहून ठेवलाय: काकीनाड्याला नेहरूंकडे तिकीट मागणारी मुलगी कोण? उत्तराच्या रकान्यात एवढंच लिहिलंय: दुर्गाबाई.