जुने मशीन आणि जेटीवरचा नळ

"आत्ताच चालू करून बघितलंय," असे विकणारा सांगतो आणि आपण खूश होतो. मीही झालो होतो. देवबागेत माझी लहान फायबरची पात, म्हणजे होडी, आहे. तिच्यासाठी पहिले जुने मशीन घेतले ते ८ हॉर्सपॉवरचे, दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक. दोरीच्या दुसऱ्या ओढीला सुरू झाले, मी पैसे मोजले. तिसऱ्या आठवड्यात निवतीच्या बाजूला जाळी उचलायला गेलो आणि मशीन तापून जाम झाले. भाऊ आणि मी वल्ही मारत कर्लीच्या मुखातून आत शिरलो तेव्हा काळोख पडला होता आणि पातीतले बांगडे नरम झाले होते.

खोलल्यावर कारण दिसले. समुद्राचे पाणी वर खेचून इंजिन थंड ठेवणारे रबरी चक्र, म्हणजे इंपेलर, त्याच्या पाती तुटल्या होत्या. पाण्याच्या वाटेत मिठाचे खडे धरले होते. आधीच्या मालकाने गोडे पाणी कधी फिरवलेच नसणार.

आता मशीन बघायला गेलो की आधी त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. गरम लागले तर उद्या येतो म्हणून सांगतो, कारण खरी परीक्षा थंड मशीनची. ते पाण्याच्या पिंपात सुरू करायला लावायचे. मागच्या बारीक भोकातून जोरात धार आली पाहिजे. मग गिअरचा खालचा स्क्रू सैल करायचा. आधी पाणी आले, किंवा तेल दुधासारखे पांढरे निघाले, तर सील गेलेले असते. आपल्याकडे हे बहुतेक वेळा तंगुसामुळे होते. तुटक्या जाळ्याचा धागा पंख्यामागे शाफ्टला गुंडाळतो आणि सील कापतो. पंखा काढून तिथे बघायला पाच मिनिटे पुरतात. बिल आणि मशीनवरचा नंबर जुळत नसेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

घेतल्यावर इंपेलर नवा टाकायचा, जुना चांगला दिसला तरी. पेट्रोलमध्ये तेल किती हे त्या मॉडेलप्रमाणे ठरते. माझ्या मशीनला ५०:१ लागते, म्हणजे लिटरला २० मिली, आणि ते मापानेच घालतो. १ जूनला मासेमारीची बंदी लागली की पेट्रोलची नळी काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पावसाळ्यात दमट हवेतली ओल धरते.

पण ह्या सगळ्याहून मोठे काम रोजचे आहे: समुद्रातून आल्यावर दहा मिनिटे गोड्या पाण्यात चालवणे. मशीन वयाने मरत नाही, मिठाने मरते. मी घरच्या विहिरीचे पाणी कॅनमधून वाहतो. ज्याचे घर लांब आहे, किंवा मे महिन्यात ज्याची विहीर खारी होते, त्याने काय करावे? पहाटेपासून जाळे ओढून आलेला माणूस पाण्यासाठी पुन्हा पायपीट करणार नाही, आणि त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

जेट्या बांधायला पैसा मिळतो. बंदर खात्याला आणि मत्स्यव्यवसाय खात्याला माझे एवढेच मागणे आहे: जिथे लहान पाती लागतात तिथे गोड्या पाण्याची एक टाकी, एक नळ आणि दोन पिंपे द्या. यंदाचा हंगाम सुरू होण्याआधी द्या.