किल्ली पेटीत, पेटी कुलपात

घरातील एखादी जुनी वस्तू मोडीत काढावयाची वेळ आली, की बहुतेक घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "देऊन टाका भंगारवाल्याला." दुसरा म्हणतो, "राहू द्या, कधी तरी उपयोगी पडेल." आमच्या घरी हा वाद वहिनींच्या लॅपटॉपवरून उद्भवला. २०१४ साली घेतलेले हे यंत्र. त्याच्या कळांवरील काही अक्षरे पुसली गेली आहेत, बिजागरी थोडी करकरते. परंतु कामात ते कधी कमी पडले नाही. अडचण निराळीच होती. त्यावरील विंडोज १० या प्रणालीस मिळणाऱ्या सुरक्षाविषयक दुरुस्त्यांचा नेहमीचा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला; आणि पुढची विंडोज ११ बसवावी, तर तिला हवा असलेला प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था या यंत्रात नाही. प्रकृती ठणठणीत, पण वयोमर्यादेमुळे सेवानिवृत्त, अशी त्याची गत झाली.

वहिनी मात्र नवे यंत्र घ्यावयास तयार नव्हत्या. "हात या कळांवर बसला आहे, भावजी," एवढेच त्या म्हणाल्या. या यंत्रावर त्यांनी गेली दहा वर्षे बडोद्यातील आपल्या मराठी घरांतून, वयोवृद्ध स्त्रियांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या टिपून ठेवल्या आहेत. काहींचे ध्वनिमुद्रणही केले आहे. ज्यांनी त्या म्हटल्या, त्यांतील कित्येक जणी आज हयात नाहीत. तेव्हा प्रश्न केवळ एका यंत्राचा नव्हता.

अखेरीस लिनक्स बसवावयाचे ठरले. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली जो गाभा लिहून जगापुढे मोकळा ठेवला, त्याभोवती ही प्रणाली उभी आहे. ती विनामूल्य मिळते आणि वापरण्यास, तपासण्यास, बदलण्यास व इतरांस देण्यास मुभा असते. तिच्या अनेक रूपांपैकी नवशिक्यास सोयीचे म्हणून 'लिनक्स मिंट' आम्ही निवडले. त्यास किमान २ जीबी स्मृती आणि २० जीबी जागा पुरते. ४ जीबी स्मृती असल्यास उत्तम, आणि वहिनींच्या यंत्रात ती तेवढीच होती. मिंटची २२ क्रमांकाची मालिका २०२४ साली निघाली असून तिच्या दुरुस्त्या २०२९ पर्यंत मिळावयाच्या आहेत. म्हणजे जुन्या यंत्रास आणखी काही वर्षांचे आयुष्य लाभणार होते.

पहिला धडा आम्हांस बसवणीच्या आधीच मिळाला. ओव्यांची प्रत एका पेनड्राइव्हवर घेतली, आणि ओळख राहावी म्हणून वहिनींनी त्यास लाल दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या स्वतःच्या संगणकावर मिंटची सुमारे ३ जीबीची फाइल उतरवून घेतली. ती पेनड्राइव्हवर लिहिणारे जे साधन असते, ते आधी त्या पेनड्राइव्हवरील सर्व काही पुसून टाकते. खणातील पेनड्राइव्ह काढला, संगणकास लावला आणि 'लिहा' या बटणावर आमचे बोट टेकणार, तोच पलीकडे भाजी निवडीत बसलेल्या वहिनींचा शांत आवाज आला, "भावजी, त्या दोऱ्याच्या पेनड्राइव्हवर तुम्ही काय लिहिता आहात?"

आम्ही हात मागे घेतला. दोन्ही पेनड्राइव्ह एकाच बनावटीचे होते हे खरे. पण दोरा आमच्या डोळ्यांसमोर लोंबत होता, आणि उत्साहाच्या भरात आम्हांस तो दिसला नव्हता.

वहिनींनी दोष दिला नाही, परंतु पुढचे काम स्वतःकडे घेतले. पेनड्राइव्हवरील प्रत्येक फाइल आमच्या संगणकावर उघडून पाहिली. तेव्हा असे आढळले की लेखी ओव्या सर्व आल्या आहेत, पण ध्वनिमुद्रणे एकही नाही. आम्ही केवळ 'डॉक्युमेंट्स' हा कप्पा उचलला होता; मुद्रणे 'डी' या दुसऱ्या भागात होती. ती आणली, एक लावून ऐकली, आणि सर्वांची दुसरी प्रत आमच्या संगणकावर ठेवली. तेव्हापासून आमच्या घरात 'प्रत घेतली' याचा अर्थ 'उघडून पाहिली' असा झाला आहे. बसवणीच्या वेळी 'संपूर्ण डिस्क पुसून मिंट बसवा' असा एक पर्याय पडद्यावर येतो. तो निवडताना आमचा हात कापला नाही, याचे श्रेय त्या तासाभराच्या तपासणीस आहे. या साऱ्या व्यवहारात परत न येणारी गोष्ट म्हणजे पुसलेला मजकूर. बाकी जे जे बिघडते, ते दुरुस्त होते.

आणि बिघडावयाचे ते बिघडलेच. अर्ध्या-पाऊण तासात मिंट बसले, पडदा प्रसन्न उजळला. पण वायफायचा पत्ता नव्हता. घरातील इतर सर्व यंत्रांस दिसणारे जाळे यास दिसेना. शेजारच्या एका तरुणाने 'पुन्हा बसवून पाहा' असा सल्ला दिला. आम्ही पुन्हा बसविले. फळ तेच. दुसऱ्यांदा बसविल्याने निराळे काही घडावे असे कारणच नव्हते, हे आम्हांस नंतर उमगले. एखादे पुस्तक कपाटात नसेल, तर कपाट रिकामे करून पुन्हा लावल्याने ते येत नाही.

येथे थोडे मूळ समजून घेणे बरे. यंत्रातील बिनतारी जोडणीचे काम एक छोटी चिप करते. प्रणालीस तिच्याशी बोलता यावे म्हणून 'ड्रायव्हर' नावाचा दुभाषी लागतो. आणि पुष्कळशा चिपांस चालू होताना 'फर्मवेअर' म्हणून एक लहानसा कार्यक्रमही द्यावा लागतो. अनेक निर्मात्यांचे दुभाषी लिनक्सच्या गाभ्यातच असतात. इंटेलच्या बहुतेक चिपा त्यामुळे आपोआप चालतात. पण काही निर्माते आपला दुभाषी स्वतःच्या अटींवर देतात. तो मागाहून इंटरनेटवरून आणावा लागतो. आणि इंटरनेट मिळण्यासाठी आधी तोच हवा! किल्ली पेटीत आणि पेटी कुलपात, असा हा पेच. नवशिका येथे हताश होतो आणि 'लिनक्स आपल्यासाठी नव्हे' असे म्हणून उठतो.

वहिनींनी मात्र एक साधा प्रश्न विचारला. "ती चिप कोणत्या बनावटीची आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का?" आम्हांस ठाऊक नव्हते. दोन दिवस आम्ही रोग्याचे नाव न विचारता औषधे देत होतो.

नाव विचारण्याची रीत सोपी आहे. मिंटमध्ये 'टर्मिनल' म्हणून एक काळी खिडकी असते. तीत रोमन लिपीच्या लहान अक्षरांत एल, एस, पी, सी, आय ही पाच अक्षरे टंकावी. एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला लागून एन, एन, के ही अक्षरे टंकावी, आणि एंटरची कळ दाबावी. यंत्रातील भागांची यादी येते. तीत 'नेटवर्क कंट्रोलर' अशी ओळ शोधावी. तेथे निर्मात्याचे नाव आणि चौकटी कंसात दोन चार-अंकी खुणा असतात. यांच्या आधारे कोणता दुभाषी हवा, हे निश्चित कळते. खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असेल, तर दुभाषी कामावर आहे. आमच्या यादीत ती ओळच नव्हती. रोगनिदान झाले.

ती ओळ असूनही जाळे दिसत नसेल, तर दुसरी आज्ञा द्यावी : 'आरएफकिल', एक जागा, आणि 'लिस्ट'. बिनतारी जोडणी कोणी अडविली आहे का, हे ती सांगते. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे 'येस' दिसले, तर बहुधा यंत्राच्या कडेचे बटण किंवा कळफलकावरील विमानाच्या चित्राची कळ दाबली गेलेली असते. 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे तसे दिसले, तर प्रणालीच्या सेटिंगमधूनच अडसर निघतो.

आता पेटीचे कुलूप. ते फोनने उघडले. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टिथरिंग' चालू करावे. फोनला मिळणारे इंटरनेट तारेवाटे लॅपटॉपला मिळू लागते. फोन घरच्या वायफायवर असला, तरी चालते. राउटरपर्यंत लांब तार ओढण्याची सोय असल्यास तीही उत्तम. बिनतारी जोडणीसाठी प्रथम तारेचा आश्रय घ्यावा लागतो, ही गंमत वहिनींना फार आवडली.

इंटरनेट येताच मिंटमधील 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडला. त्याने चिप ओळखून तिचा दुभाषी सुचविला. तो बसविला. मध्येच एक नवा परवलीचा शब्द ठरविण्यास सांगण्यात आले. आम्ही घाईने काही तरी टंकले. यंत्र बंद करून चालू केले, तर एक निळा पडदा आला आणि खाली दहा सेकंद उलटे मोजले जाऊ लागले. आम्ही घाबरून काही न दाबता वाट पाहिली. पडदा निघून गेला, मिंट उघडले, आणि वायफाय पुन्हा नाहीच!

तो निळा पडदा बिघाडाचा नव्हता. २०१२ नंतरच्या बहुतेक यंत्रांत 'सिक्युअर बूट' नावाचा एक दारवान असतो; ओळखीची स्वाक्षरी नसलेला कार्यक्रम तो गाभ्यात शिरू देत नाही. यंत्रावरच तयार झालेल्या दुभाष्याची स्वाक्षरी त्याच्या वहीत नोंदवावी लागते, आणि त्या नोंदणीची संधी म्हणजे तो निळा पडदा. दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबावी, 'एन्रोल एमओके' निवडावे, संमती द्यावी आणि मघाचाच परवलीचा शब्द टंकावा. तो आधी कागदावर लिहून ठेवावा. संधी हुकल्यास 'मोकयूटिल' या आज्ञेने नोंदणीची मागणी पुन्हा करता येते. अथवा यंत्राच्या आरंभीच्या सेटिंगमध्ये सिक्युअर बूट बंद करता येते, मात्र त्यामुळे दारवान कायमचा रजेवर जातो. आम्ही पहिला मार्ग धरला. या वेळी परवलीचा शब्द वहिनींच्या वहीत होता आणि कळ त्यांनीच दाबली. मिंट उघडले तेव्हा कोपऱ्यात वायफायची खूण होती आणि घरच्या जाळ्याचे नाव यादीत पहिले होते.

आमच्या वाचकांपैकी कोणी या वाटेने जाणार असतील, तर आणखी चार गोष्टी सांगतो. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केले, की डिस्कला हात न लावता मिंट चालवून पाहता येते. वायफाय आणि आवाज तेव्हाच तपासावे. आम्ही ते केले असते, तर हा पेच बसवणीपूर्वीच कळला असता. जाळे दिसते पण जोडले जात नाही, असे झाल्यास राउटर केवळ 'डब्ल्यूपीए ३' या नव्या पद्धतीवर तर नाही ना, हे पाहावे. जुन्या चिपांस 'डब्ल्यूपीए २' लागते. घरची दोन जाळी असून एकच दिसत असेल, तर चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झची असण्याचा संभव आहे. ५ गिगाहर्ट्झचे जाळे तिला दिसणारच नाही. आणि युनिकोडपूर्व काळच्या फाँटांत टंकलेली मराठी पाने उघडल्यावर भलतीच चिन्हे दिसली, तर घाबरू नये. मजकूर शाबूत असतो. तो फाँट बसविला की अक्षरे परततात.

या सर्व उद्योगात एक वही आम्हांस फार उपयोगी पडली. पहिल्या दोन दिवसांत आम्ही काय काय केले, ते आज आठवत नाही. कारण एका वेळी तीन तीन गोष्टी बदलीत होतो. तिसऱ्या दिवशी वहिनींनी वही घेतली. एक बदल करावयाचा, लिहावयाचा, फळ पाहावयाचे, मग पुढचा. काम त्या वहीच्या दीड पानात संपले. त्याच वहीच्या मागल्या पानांवर ओव्यांच्या नोंदी आहेत : कोणी म्हटली, कोणत्या घरी, कोणत्या दिवशी. बाई नेमकी कोण, हे विचारल्यावाचून ज्यांनी आजवर एकही ओवी उतरवून घेतली नाही, त्यांनी चिपेचे नाव आधी विचारावे, यात नवल ते काय!

कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून झाल्यावर वहिनी आपल्या जुन्या जागी बसल्या. पुसट झालेल्या कळांवर बोटे पूर्वीसारखीच फिरली. ध्वनिमुद्रणांतील एक त्यांनी लावले. कैक वर्षांपूर्वी निवर्तलेल्या एका आजींचा थरथरता स्वर खोलीत उमटला, आणि आम्ही सारे काही वेळ गप्प बसलो.

मग वहिनी उठल्या. लाल दोऱ्याचा तो पेनड्राइव्ह खणात न ठेवता त्यांनी देवघराशेजारच्या डब्यात ठेवला आणि आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "हा आता इथे राहील, भावजी. इथे तुमचा हात जात नाही."

आम्ही त्यावर काय बोलणार?